सदऱ्याची बाही आणि घुमटावरचा हात

फोंडा तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे आहे. त्यांचे सासरे 74 वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. पाच वर्षांपूर्वी त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, असल्याचे निदान झाले. हात फारसा थरथरत नाही, पण अंग ताठ असते. गोळ्या सकाळी आठ, दुपारी दीड आणि संध्याकाळी सात वाजता दिल्या जातात. मुलाला कामावर लवकर निघावे लागते, म्हणून तो साडेसहालाच वडिलांना न्हाऊ घालतो आणि पुढे सदरा घालण्याचे काम सुनेकडे येते. बाहीत हात घालायला जावे तर सासरे तो कोपरात दुमडून घट्ट धरतात, ओढला की अधिकच आवळतात आणि "सोड" म्हणून खेकसतात. मात्र चतुर्थीला रात्रीच्या आरतीत याच हाताने त्यांनी बराच वेळ घुमट, म्हणजे आरतीच्या साथीचे मातीचे चर्मवाद्य, वाजवले. तेव्हापासून "मनात आले की हात बरोबर चालतो" असे घरात बोलले जाऊ लागले आहे. तीन वर्षांपूर्वी नोकरी धरण्यावरून या भगिनीचा सासऱ्यांशी मोठा वाद झाला होता, आणि तोच राग ते आता असा काढतात, असे त्यांना वाटते. चार महिन्यांपूर्वी चक्कर येत असल्यामुळे एका डॉक्टरांनी वेगळ्या गोळ्या सुरू केल्या, त्या अजून चालू आहेत. आपण थोडे कडक वागावे का, माणूस ठेवावा का, डॉक्टरांना डोस वाढवायला सांगावे का, की शेजाऱ्यांनी सुचवलेली खाजकुइलीच्या बियांची पूड द्यावी, असे त्या विचारतात.

ताई,

"ते मला रोज विरोध करतात," असे तुम्ही लिहिले आहे. वैद्यकाच्या पुस्तकांतही या आजाराच्या संदर्भात 'विरोध' हाच शब्द येतो, पण तिथे विरोध करणारे स्नायू असतात, माणूस नव्हे. तुमच्या घरात हे दोन विरोध एकमेकांत मिसळले आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय तुमच्या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर नीट देता येणार नाही.

एरवी आपला हात दुसऱ्याने उचलला तर आपल्याला काहीच करावे लागत नाही. कोपर दुमडताना पुढचा स्नायू आखडतो आणि मागचा आपोआप सैल होतो, कोपर सरळ करताना याच्या उलट होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा काळपट भागातील पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात आणि ही देवाणघेवाण सुरळीत राहण्यासाठी ते लागते. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू नष्ट होतात, आणि मग पुढचे व मागचे असे दोन्ही स्नायू एकाच वेळी ताणलेले राहतात. त्यामुळे हात दुमडायला जा किंवा सरळ करायला जा, विरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच लागतो. डॉक्टर त्याला शिशाची नळी वाकवण्याची उपमा देतात. काही रुग्णांत हाच विरोध टप्प्याटप्प्याने सुटतो आणि दातेरी चाक फिरवल्यासारखे झटके हाताला जाणवतात. रुग्णाला यातले काही ठरवून करता येत नाही आणि ठरवून थांबवताही येत नाही.

ही गोष्ट लांबून पाहणाऱ्याला कळत नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने 1817 साली आपली प्रसिद्ध पुस्तिका लिहिली ती अवघ्या सहा रुग्णांवरून, आणि त्यांतील काही जण त्याने केवळ रस्त्यात पाहिलेले होते. कंप, वाकलेली पाठ, घाईघाईने पडणारी लहान पावले हे सारे त्याने नेमके टिपले, पण स्नायूंच्या ताठरतेची वेगळी नोंद त्याच्या हातून राहून गेली. ती केली पुढे पॅरिसच्या शार्को या डॉक्टराने, जो रुग्णांना हात लावून तपासत असे. या आजाराला पार्किन्सनचे नाव देण्याचा आग्रहही त्याचाच. तुमच्या घरी ओसरीवरून पाहणारे नातेवाईक "हात तर कापत नाही, मग कंपवात कसला?" असे म्हणत असतील, तर ते पार्किन्सनच्या जागी उभे आहेत. बऱ्याच रुग्णांत कंप ठळक नसतोच. ताठरता कळते ती रोज बाहीत हात घालणाऱ्याला, आणि तुमच्या घरात ते काम तुम्ही करता.

आता घुमटाविषयी. संशयाची ठिणगी तिथूनच पडली आहे. हात खरोखर ताठ असेल तर तो घुमटावर कसा चालला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर तुम्ही दिलेल्या गोळ्यांच्या वेळांतच आहे. आरती रात्री झाली, म्हणजे सातची गोळी पोटात जाऊन थोडा वेळ झाला होता. सदऱ्याची झटापट होते सकाळी साडेसहा-पावणेसातला, म्हणजे शेवटच्या गोळीनंतर सुमारे साडेअकरा तासांनी. लेव्होडोपा हे यातील मुख्य औषध शरीरात फार काळ टिकत नाही. त्याचे रक्तातील प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते. आजार नवा असताना मेंदूत थोडीफार साठवण शिल्लक असते, त्यामुळे ही चढउतार जाणवत नाही. चार-पाच वर्षांनंतर मात्र अनेकांच्या बाबतीत प्रत्येक गोळीचा अंमल चढतो आणि उतरतो, आणि सर्वांत खोल उतार असतो तो पहाटेचा. नेमक्या त्याच वेळी तुम्ही त्यांच्याकडून दिवसातले सर्वांत अवघड काम करून घेत आहात. दोष तुमचा नाही, पतीच्या कामाची वेळ तशी आहे. पण घुमटाचा हात आणि बाहीचा हात एकाच माणसाचे असले तरी ते एकाच प्रहराचे नाहीत, हे घरातल्या सर्वांना समजावून सांगा.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग लयीचा आहे. या आजारात आपणहून हालचाल सुरू करणे अवघड जाते, पण बाहेरून ठेका मिळाला, जमिनीवर आखलेली रेघ दिसली, कुणी मोजत राहिले, तर तीच हालचाल पुष्कळदा सोपी होते. उंबऱ्यात पाय खिळलेला माणूस ठेक्यावर चालू लागतो, हे मी फिजिओथेरपीच्या कामात अनेकदा पाहिले आहे. बाहेरच्या खुणेवरून होणारी हालचाल मेंदू काहीशा वेगळ्या वाटेने पार पाडतो, असे मानले जाते. त्यात पन्नास-साठ चतुर्थ्यांची सवय, शामेळ आणि कांसाळ्यांची साथ, भोवती म्हणणारी माणसे. शिवाय घुमट वाजवताना हात ते स्वतः हलवत होते. सदरा घालताना तो दुसरे कुणी हलवते, आणि ताठरता जाणवते ती मुख्यतः तिथेच. तेव्हा घुमट वाजले याचा अर्थ आजार खोटा आहे असा होत नाही. उलट आजार नेमका कुठे अडवतो आणि कुठे वाट देतो, हे त्या रात्री तुम्हाला दिसले.

मग राग अजिबात नाही का? असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तीन वर्षांपूर्वीचा वाद तुम्ही विसरला नाहीत, तर तेही विसरले नसतील. पण रागाचा पुरावा म्हणून तुम्ही ज्या गोष्टी दिल्या आहेत, त्या तपासून पाहा. चेहरा कठोर असतो, असे तुम्ही लिहिले आहे. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात, पापण्या कमी लवतात, आणि प्रसन्न माणूसही रुसल्यासारखा दिसतो. एकाच शब्दात तुटक बोलतात, असेही लिहिले आहे. आवाज बारीक झालेल्या माणसाला पूर्ण वाक्य ऐकू जाईल असे बोलणे कष्टाचे असते, म्हणून तो एकच शब्द जोर लावून फेकतो. शिवाय "सोड" यात दुखणेही असू शकेल. पार्किन्सन्सच्या रुग्णांत खांदा आखडून दुखणे पुष्कळ आढळते, काहींच्या बाबतीत तर आजाराचे निदान होण्याआधी खांद्यावरच उपचार चालू असतात. तुमच्या सासऱ्यांचा खांदा कुणी तपासला आहे का? नसेल तर आधी तपासून घ्या आणि तोपर्यंत हात ओढणे पूर्णपणे बंद करा.

मला रागापेक्षा संकोच अधिक संभवनीय वाटतो. गावातल्या दोन पिढ्यांना ज्यांनी पाढे शिकवले, त्या मास्तरांना सुनेने अंग पुसून सदरा घालावा लागतो. मनावर ताण आला की या आजारातील ताठरता आणि कंप दोन्ही वाढतात, हे पक्के ठाऊक असलेले सत्य आहे. म्हणजे लाज वाटली की हात आवळतो, हात आवळला की तुम्ही ओढता, ओढले की दुखते, आणि तुमच्या कपाळावरची आठी पाहून त्यांना आणखी लाज वाटते. या फेऱ्यात तुमचे म्हणणे आणि माझे म्हणणे दोन्ही खरे ठरू शकते. मात्र फेरा तोडण्याचे सामर्थ्य सध्या तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही.

यावरून कडक वागण्याच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळालेच असेल. "हात सैल सोडा" हा हुकूम या आजारात पाळता येत नाही, आणि आवाज चढवून दिला तर परिणाम उलटा होतो. एक अपवाद मात्र डॉक्टरांच्या कानावर घालण्यासारखा आहे. काही वृद्धांत, विशेषतः स्मृती आणि विचारशक्ती खालावत असताना, निराळ्या प्रकारचा विरोध दिसतो: समोरचा जितका जोर लावेल तितका हात उलट जोर लावतो, आणि सैल सोडण्याचा प्रयत्न केला तर तो वाढतो. तोही अनैच्छिकच असतो, पण त्याचे कारण वेगळे असल्यामुळे पार्किन्सन्सच्या गोळ्या वाढवून तो जाईलच असे नाही. सासरे अलीकडे दिवस-वार विसरतात का, नसलेल्या गोष्टी दिसतात असे सांगतात का, याकडे लक्ष ठेवा.

आता त्या चक्करच्या गोळ्या. तुम्ही त्यांचा उल्लेख जाता जाता केला आहे, माझी नजर मात्र तिथेच अडली. सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन ही चक्करवर सर्रास दिली जाणारी औषधे डोपामिनच्या कामात अडथळा आणतात. धडधाकट वृद्धालाही त्यांमुळे पार्किन्सन्ससारखी ताठरता येऊ शकते, मग ज्याला आजार आहे त्याची स्थिती बिघडणे स्वाभाविक आहे. मळमळीवरचे मेटोक्लोप्रामाइड, उलटी व चक्करवरचे प्रोक्लोरपेराझिन आणि वृद्धांना शांत करण्यासाठी कधी कधी दिले जाणारे हॅलोपेरिडॉल यांच्याबाबतही हेच. तुमच्या पाकिटावर कोणते नाव आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून निष्कर्ष काढत नाही. पण ते पाकीट घेऊन याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. आणि चक्कर मुळात का येते, हेही विचारा. या आजारात, तसेच त्याच्या औषधांमुळेही, उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, आणि त्यावरचा इलाज निराळा असतो. झोपवून आणि मग उभे करून, असा दोनदा रक्तदाब मोजला की उलगडा होतो. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूविकार आणि फिजिओथेरपी हे दोन्ही विभाग आहेत. फोंड्याहून जाणे येणे थकवणारे असले तरी ही एक फेरी पुढे ढकलू नका.

"डोस वाढवा" असे सांगायला मात्र जाऊ नका. गोळीचा अंमल कधी चढतो आणि कधी उतरतो ते सांगायला जा. आठ दिवस एका वहीत गोळीची वेळ, खाण्याची वेळ आणि अंग मोकळे की ताठ, एवढेच लिहून ठेवा. कदाचित एकूण मात्रा पुरेशी असेल आणि फक्त पहिली गोळी उठण्याआधी, सहाच्या सुमारास, देण्याची गरज असेल. कदाचित रात्रीसाठी हळूहळू विरघळणारा प्रकार लागेल. हा निर्णय डॉक्टरांचा. मात्रा गरजेपेक्षा वाढली तर अंग आपोआप वळवळू लागते, भास होतात, रक्तदाब उतरतो, म्हणून अधिक ते बरे हा हिशेब इथे चालत नाही.

जेवणाचाही संबंध आहे. लेव्होडोपा आणि प्रथिने आतड्यातून एकाच दाराने आत जातात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास दिलेली बरी. दुपारी दीडची गोळी आणि हुमण-भात एकाच पाटावर होत असतील, तर मासळी पुढे आणि औषध मागे अशी गत होते. सकाळची उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे फारसे आड येत नाही, पाव आणि कडधान्याची पातळ भाजी येऊ शकते. मासळी बंद करण्याची आवश्यकता नाही, वेळ सांभाळली की पुरते.

खाजकुइलीच्या पुडीबद्दल शेजाऱ्यांना वेड्यात काढू नका, कारण त्यांचे म्हणणे निराधार नाही. या बियांत लेव्होडोपा असते, आणि भारतीय संशोधकांनी ते त्यांतून 1937 मध्येच वेगळे केले होते. पण म्हणूनच ती पूड घरच्या घरी देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्या बियांत किती अंश आहे हे चमच्याने मोजता येत नाही, आणि डॉक्टरांनी मोजून दिलेल्या गोळ्यांवर तेच औषध न मोजता टाकल्यासारखे ते होते. द्यायचीच इच्छा असेल तर डॉक्टरांना सांगून, लपवून नव्हे.

माणूस ठेवण्याला माझी हरकत नाही. उलट पुरुष मदतनीस मिळाला तर सासऱ्यांचा संकोच कमी होईल आणि तुम्हालाही श्वास घेता येईल. पण पक्षाघाताचे रुग्ण सांभाळलेला माणूस असेल तर त्याला आधी हे सांगा की तो आखडलेपणा वेगळा आणि हा वेगळा. तिथे झटका दिला की विरोध वाढतो, हळू नेले तर कमी होतो; इथे विरोध वेगावर फारसा अवलंबून नसतो. तरीही इथेही हळूच नेले पाहिजे, ते खांद्यासाठी. तेलाचे जोरकस मर्दनही त्याला करू देऊ नका. कोमट खोबरेल हलक्या हाताने चोळल्यास बरे वाटते, ताठरतेचे मूळ त्याने हलत नाही.

आता प्रत्यक्ष बाही. सर्वप्रथम आंघोळीची वेळ पहिल्या गोळीनंतर तासाभराने येईल अशी लावा. डॉक्टरांनी गोळी सहाला आणली तर सातला न्हाणीघरात जाता येईल. पतीला तेव्हा थांबता येत नसेल तर रोज सकाळीच न्हाऊ घालण्याचा नियम मोडा. दुपारच्या गोळीनंतर अंग मोकळे असताना आंघोळ झाली तर देव कोपत नाही.

सदरा घालताना त्यांना उभे करू नका, हात असलेल्या खुर्चीवर बसवा. सध्या ते एका हाताने खिडकीचा गज धरतात असे तुम्ही लिहिले आहे. या आजारात एक हात कामात गुंतला की दुसऱ्या हाताची ताठरता वाढते. डॉक्टर तपासताना हीच युक्ती वापरतात. गज सुटला आणि तो हात मांडीवर विसावला की बाहीतला हात थोडा सैल पडलेला तुम्हालाच जाणवेल. बसल्यावर त्यांना कंबरेतून डावी-उजवीकडे सावकाश वळू द्या, आठ-दहा वेळा, जात्यावर बसल्यासारखे. धड सैल झाले की हातही काहीसा सैल होतो. पुढून पूर्ण उघडणारा, एक माप मोठा सदरा घ्या आणि गुंड्यांच्या जागी चिकटपट्टी शिवून घ्या. अधिक ताठ असलेला हात आधी घाला, काढताना तो शेवटी काढा. मनगट मुठीत पकडू नका; एक तळवा कोपराखाली, दुसरा मनगटाखाली, ताटासारखा. काय करणार ते आधी सांगा, मग थांबा. हे थांबणे फार लांबल्यासारखे वाटते, पण सूचना कानावर पडणे आणि हात निघणे यात या आजारात अंतर पडते, आणि ते भरण्याआधी आपण ओढले की सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. त्या वेळी टीव्ही बंद असावा आणि गप्पाही नकोत.

आणि ठेका त्यांच्याकडून मागा. "मास्तर, आरतीची चाल धरा" असे नातवाने म्हटले तर ते सुनेच्या "हात पुढे करा"पेक्षा बरे वाटेल. चार मात्रा मोजायच्या आणि समेवर हात बाहीत सरकवायचा. हे प्रत्येक सकाळी जमेल असा शब्द मी देत नाही, पण करून पाहण्यात तोटा काहीच नाही. घुमटही चतुर्थीपुरते माळ्यावर ठेवू नका. एका हाताने थाप आणि दुसऱ्याने मागचे तोंड उघडमिट करणे हा दोन्ही हातांचा इतका चांगला व्यायाम आहे की मी तो शोधून काढू शकलो नसतो. त्याशिवाय रोज मोठी पावले टाकत अंगणात चालणे, हात पूर्ण पसरणे, भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहणे, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. रात्री कूस बदलता येत नसेल तर कंबरेखाली गुळगुळीत कापडाची पट्टी घाला आणि गुडघा दुमडून वळायला शिकवा.

एक गोष्ट सर्व घराने पाठ करावी: पार्किन्सन्सच्या या गोळ्या कधीही एकदम बंद करायच्या नाहीत. पोट बिघडले, उपवास आला, पावसात दुकानापर्यंत जाता आले नाही, कशाहीसाठी नाही. निदान पंधरा दिवसांचा साठा घरात असावा. औषध अचानक थांबल्यावर अंग लाकडासारखे कडक झाले, ताप चढला, शुद्ध हरपू लागली, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.

जुन्या वादाचे काय करायचे, हे तुम्ही थेट विचारलेले नाही. तो वाद बाहीच्या वेळी मिटवू नका. गोळीचा अंमल चांगला असताना, दुपारी, ते ओसरीवर बसलेले असताना, शक्य तर शेजारी बसून बोला. त्यांचा चेहरा वाचण्याचा मोह टाळा, कारण तो तुम्हाला चुकीचे सांगेल, आणि उत्तरासाठी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ थांबा. सदरा कुणी घातलेला त्यांना चालेल, हेही त्यांनाच विचारा. आजवर ते कुणी विचारले असल्याचे तुमच्या पत्रात कुठे दिसले नाही.

बांबोळीला जाताना सगळ्या औषधांची पाकिटे आणि आठ दिवसांची वही तर न्याच, शिवाय सासऱ्यांना विचारून फोनवर दोन छोटी चित्रणे करून न्या: एक पहाटेच्या बाहीचे आणि एक रात्रीच्या घुमटाचे. डॉक्टरांना दाखवताना दोन्ही कोणत्या वाजता केली ते आधी सांगा.